तिसरी हाक

बाबा,

हे पत्र मी एंट्री शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे. पुढच्या बाजूला माणसाचं नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ असे रकाने छापलेले असतात, ते तुम्हाला सांगायला नकोत. चांगल्या शीटा ऑफिसात जातात. चुरगळलेल्या, खाडाखोड होऊन रद्द झालेल्या माझ्याकडे उरतात. एकोणीस वर्षं मी गुळगुळीत कागदावर, वळणदार अक्षरात, परक्या लोकांना मनःशांतीबद्दल पत्रं लिहिली. तुम्हाला एकही लिहिलं नाही. आता लिहायला बसलो तर कागद हा असा, आणि तुम्हाला जाऊन सोळा वर्षं होत आलेली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आज सुटी आहे. तुम्ही रिटायर झाल्यावर रिसालीत बांधलेल्या घराच्या मागच्या ओट्यावर बसलो आहे. घर आता ताईचं. मी पलीकडच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली आहे, पण सुटीच्या दिवशी जेवायला इथंच येतो. ताई आत लाखोळीची डाळ निवडते आहे आणि दर पाच मिनिटांनी विचारते आहे, "एवढं काय लिहून राहिला रे?" ड्यूटीचं आहे, असं मी सांगितलंय. तसं ते अगदीच खोटंही नाही.

मी सध्या काय करतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तुमच्याच स्टील प्लांटात एका ठेकेदाराकडे आहे. दुरुस्तीच्या वेळी माणसं टाकीत किंवा मोठ्या पाइपात उतरतात तेव्हा त्या भोकाच्या तोंडाशी बाहेर एक माणूस बसवतात. त्यानं काही उचलायचं नाही, काही फिरवायचं नाही आणि जागा सोडायची नाही. आत कोण गेलं ते लिहायचं, थोड्या थोड्या वेळानं प्रत्येकाला नावानं हाक मारायची आणि ओ आली की शीटवर खूण करायची. तो बाहेर बसणारा माणूस मी. पन्नाशीला टेकलेल्या आणि हातात कसलाच हुन्नर नसलेल्या माणसाला दुसरं काय मिळणार? तुम्ही गॅसलाइनच्या टोळीचे चार्जमन असताना तुमच्या हाताखाली शिकलेला एक फिटर आता सुपरवायझर झाला आहे, त्यानं मला ठेकेदारापुढे नेऊन उभं केलं. "चार्जमन साहब का लड़का है, आवाज अच्छी है," एवढीच त्याची शिफारस. आवाज चांगला होताच. प्रवचनं करकरून कमावलेला होता.

हाकांची ही रीत मात्र मी प्लांटात शिकलो नाही. ती आपल्या सेक्टरमधल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात शिकलो. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ताई अकराची. भंडाऱ्याकडच्या नातेवाइकांनी तुम्हाला दुसरं लग्न कर म्हणून सांगितलं, तुम्ही त्याऐवजी पोळ्या लाटायला शिकलात. फिटरच्या पोळ्या त्या, पाइपाच्या जोडात बसवतात त्या गॅस्केटसारख्या. सगळ्या एका मापाच्या आणि चवीलाही बहुधा गॅस्केटसारख्याच. सकाळच्या शिफ्टहून आलात की हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचात, तरी कणकेला गॅसलाइनच्या ग्रीसचा बारीक वास यायचा. जेवण तयार झालं की तुम्ही दारात न येता आतूनच हाक मारायचात. पहिली हाक, मग थोडं थांबणं, मग दुसरी. तिसरीपर्यंत यायलाच पाहिजे, निदान ओ तरी द्यायला पाहिजे. आतल्या माणसाले तीन हाका, तिसरीले ओ नाही आली त सायरन, हा प्लांटातला नियम तुम्ही घरात आणला होता आणि आम्हाला तो सगळ्याच घरांचा नियम वाटायचा.

चौथीत असताना मी तो एकदा मोडला. शाळेत मला पाठांतराचं बक्षीस मिळालं होतं आणि तुम्ही शिफ्टमुळे आला नव्हतात. मी रुसून मागच्या अंगणातल्या पेरूच्या झाडावर जाऊन बसलो. तुम्ही हाक मारलीत. मी वरून ऐकतो आहे. दुसरी मारलीत. मला मजा वाटते आहे. तिसरी मारलीत आणि मी तोंड दाबून गप्प. पुढचं अजून दिसतं मला. तुम्ही पिठाच्या हातांनी बाहेर आलात आणि झाडाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. सरळ मागच्या गल्लीत धावलात, गटाराच्या टाकीचं झाकण जागेवर आहे का ते पाहायला. गुडघ्यांवर बसून झाकणाला कान लावलात. मी वरून घाबरून "बाबा" म्हणालो तेव्हा तुम्ही मान वर केलीत. तुमचा चेहरा कणकेसारखा झाला होता. खाली उतरवून तुम्ही मला मारलंत, आयुष्यात तेवढं एकदाच. माझ्या गालावर पिठाची पाच बोटं उठली. मग तिथंच गल्लीत बसून म्हणालात, "हाक आली का ओ द्याची. रुसला असशीन तरी द्याची. आधी ओ दे, मंग दिवसभर रुस. बाहेर उभ्या माणसाले काय ठाऊक, तू रुसून राहिला का मरून राहिला?"

मी हे विसरलो असं नाही. उलट फार वर्षं हे मी दृष्टान्त म्हणून सांगितलं, फक्त त्यात तुमच्या जागी परमेश्वर असायचा. लोक डोळे पुसायचे.

मी बाविसाव्या वर्षी गेलो तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत. सिविक सेंटरजवळच्या मैदानात आठवडाभर प्रवचनं झाली होती आणि मी रोज पुढच्या रांगेत बसून आलो होतो. तुम्हाला वाटलं असेल, नोकरी लागेपर्यंतचा नाद आहे. मलाही कदाचित तसंच वाटलं असेल. पण मी नदीकाठच्या त्या आश्रमात राहिलो, आणि सहा वर्षांनी मला संन्यासदीक्षा मिळाली. दीक्षेत माणूस आपलं श्राद्ध आपणच करतो. नदीत उभं राहून मी माझा पिंड दिला, मुंडण झालं, नवं नाव मिळालं. जुन्या नावाबद्दलचा नियम साधा होता, ते उच्चारायचं नाही आणि कुणी उच्चारलं तर त्याला ओ द्यायची नाही. त्या नावाचा माणूस गेला. नातेवाइकांनी तुम्हाला सांगितलं म्हणे की आता पोराचं नाव घेऊ नका, त्यानं स्वतःच स्वतःला पाणी दिलं. तुम्ही म्हणालात, "त्यानं देलं असंन. म्या नाही देलं." हे ताईनं मला फार उशिरा सांगितलं.

तुम्ही आश्रमात एकदाच आलात, रिटायर झाल्यानंतरच्या हिवाळ्यात. गाडी, मग बस, मग तीन मैल पायी. दुपारची वेळ होती. दारवानानं निरोप दिला आणि मी फाटकाशी आलो. तुम्ही फाटकाच्या बाहेर उभे होतात, इस्त्री केलेला टेरिकॉटचा शर्ट, हातात स्टीलचा डबा. डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी होती. तुम्ही स्वतः केलेली, प्रवासात मऊ पडलेली. मी तुम्हाला विचारलं, "आपण कसे आहात?" बापाला 'आपण' म्हणणारा मुलगा तुम्ही पहिल्यांदाच पाहत असाल. तुम्ही हसलात. बाहेरचं अन्न आम्हाला परस्पर घेता येत नसे, म्हणून डबा मी एका सेवकाच्या हाती देऊन मुदपाकखान्यात पाठवला. मग तुम्हाला दहा मिनिटं उपदेश केला. देह, वस्त्र, धर्मशाळा, जे काही सांगतात ते सगळं. तुम्ही सेफ्टीच्या क्लासात बसल्यासारखे ऐकत होतात, मधूनमधून मान हलवत. मी बोलायचा थांबल्यावर म्हणालात, "बरं हाय. तब्येत ठीक दिसून राहिली तुही. तोंड पाहून घेतलं, झालं. चलतो मंग." तुम्ही माझं तोंड पाहिलंत, आणि मी तुमच्या डोक्यावरून पलीकडच्या चिंचेकडे पाहत होतो. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं तर बोलताना अडखळायला होतं, ही वक्त्यांची जुनी युक्ती आहे.

मी वळून सभामंडपाकडे निघालो आणि तुम्ही हाक मारलीत. घरच्या नावानं. आवाज चढवला नाहीत. टाकीच्या तोंडाशी मारतात तशी हाक होती, थांबून थांबून, आतल्याला वेळ देऊन. एकूण तीन. तुम्ही फाटक ओलांडून आत आला नाहीत. बाहेरच्या माणसानं आत घुसायचं नसतं, तुमच्या नियमात ते पक्कं बसत होतं. मी माझ्या नियमात बसत होतो. चालत राहिलो.

वरच्या ओसरीतून गुरूंनी हे पाहिलं होतं. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "हाक ऐकू आली?" मी मान हलवून नाही म्हणालो. त्या संध्याकाळच्या सत्संगात त्यांनी सगळ्यांना सांगितलं की याला म्हणतात वैराग्य, बाप तीन वेळा हाक मारतो आणि याच्या कानापर्यंत पोचतच नाही, नाव गळून पडलं. लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला बरं वाटलं, बाबा, खोटं कशाला सांगू. फार बरं वाटलं. पुढच्या महिन्यापासून मोठी प्रवचनं माझ्याकडे आली, वेगळी खोली मिळाली, माझ्या पाया पडायला रांग लागायला लागली. माझं सगळं नाव त्या एका मान हलवण्यावर उभं राहिलं.

तीन वर्षांनी तुम्ही गेलात. ताईनं आश्रमाच्या ऑफिसात फोन केला. सकाळचं प्रवचन चालू असताना माझ्यापुढे चिठ्ठी आली, त्यावर दोन शब्द होते. मी ती घडी करून पोथीत खूण म्हणून घातली आणि पुढचा श्लोक घेतला. त्याचंही कौतुक झालं. तुम्हाला अग्नी ताईनं दिला. ती खूण पुढं कितीतरी दिवस त्याच पोथीत होती, आणि त्या पानाशी आलं की मला कसलाही त्रास व्हायचा नाही. हे मी तेव्हा प्रगती समजत होतो.

आश्रम का सोडला म्हणून इथं सगळे विचारतात आणि प्रत्येकाला काहीतरी भानगड ऐकायची असते. भानगड कसली नव्हती. गुरू लबाड नव्हते, जेवण साधं होतं, पहाटे नदीवर बसलं की अजूनही आठवणीनं गार वाटावं इतकं छान वाटायचं. झालं ते इतकंच. मी करुणेवर बोलत होतो. समोर दीड-दोनशे माणसं. उशिरा आलेली एक म्हातारी मंडपाच्या पायरीवरून घसरली आणि हातावर पडली. मला दिसली. आणि मी वाक्य पूर्ण केलं. लांबलचक वाक्य होतं ते, क्रियापदापर्यंत नीट पोचलो, मग थांबलो. तोवर दुसऱ्या लोकांनी तिला उचललं होतं. मनगट मोडलं होतं तिचं. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून ती माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "महाराज, मेरे कारण प्रवचन में विघ्न पड़ा, क्षमा करना।" तिनं माझी क्षमा मागितली. त्या दिवसापासून मला त्या आसनावर नीट बसता येईना. पाठीत उसण भरल्यासारखं व्हायचं. कसाबसा वर्षभर काढला आणि गुरूंना सांगितलं की जातो. ते रागावले नाहीत. काही हवं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी मुदपाकखान्यात गेलो. तुमचा डबा तिथं इतकी वर्षं मिठासाठी वापरत होते, तळाला तुमचा प्लांटातला टोकन नंबर कोरलेला. तेवढा मागून घेतला.

ताईनं दार उघडलं तेव्हा ती रडली नाही, ओरडलीही नाही. "हातपाय धू," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं तिनं जेवायला हाक मारली. मी तुमच्या फोटोखाली बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होतो. मग ती पदराला हात पुसत बाहेर आली. "तीन खेपा बलावलं. बहिरा झाला का?" मला खरंच कळलं नव्हतं की ती मलाच बोलावते आहे. ते घरचं नाव मी एकोणीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, ती तुमची एक दुपार सोडून.

पहिली काही वर्षं इकडे तिकडे काढली, ती लिहिण्यासारखी नाहीत. मग हे काम. पहिल्या दिवशी भोकाशी बसून आतल्या सहा जणांना हाक मारायची होती आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. माईकसमोर हजार माणसांत बोललेला मी. एकेकाला नावानं हाक मारायची आणि उत्तराची वाट पाहायची, ही सवयच नव्हती. मी आयुष्यभर असंच बोललो होतो की समोरच्यानं उत्तर देऊ नये. हळूहळू जमलं. आतून अंधारातून आवाज यायचा, "हव महाराज!" ही छत्तीसगढी माणसं मला महाराज म्हणतात, चेष्टेनंच, कुणीतरी माझा इतिहास फोडला आहे. एक तर म्हणतो, "महाराज, तोर जप चालू हे का?" तो चेष्टा करतो, पण मला ते लागू पडतं. मी एकोणीस वर्षं एकच नाव जपलं. आता रोज सहा-सात नावं जपतो. ही नावं ओ देतात. देव आहे की नाही यावर माझं हल्ली काही मत नाही. पण शेवटचा माणूस भोकातून बाहेर आला, हेल्मेट काढून त्यानं घाम पुसला, की माझे हात आपोआप जुळतात. कुणाला जुळतात ते मी शोधत बसत नाही. शीटवर सही करतो.

गेल्या आठवड्यात पाण्याच्या एका रिकाम्या टाकीत साफसफाई होती. चार माणसं आत. त्यातला एक चाळिशीचा, अहिवाऱ्याच्या बाजूचा, एरवी सगळ्यात मोठ्यानं ओ देणारा. त्या दिवशी मी हाक मारली, तिघांची ओ आली, त्याची नाही. दुसरी मारली. टाकीत झाडूचा आवाज होता, मी सगळ्यांना थांबायला सांगितलं. शांत झालं. मी थांबलो, तुम्ही थांबायचात तितका. मग तिसरी मारली. ओ आली नाही. मी भोकाशी वाकून कान दिला, बाबा. मला गटाराच्या झाकणाला कान लावून बसलेले तुम्ही दिसलात. आत उडी मारावीशी वाटली, पण बाहेरच्यानं आत जायचं नसतं. मी शिटी वाजवली आणि पुन्हा त्याला हाक मारली, चौथी, पाचवी, नियमात नसलेल्या कितीतरी. मग शिडीवर खडखड झाली आणि तो स्वतःच वर आला. अंगाला कुठं काही झालं नव्हतं. डोळे लाल होते.

"सुनत रहेंव महाराज," तो म्हणाला, "फेर मुँह ले आवाजेच नइ निकलिस." ऐकत होतो, पण तोंडातून आवाजच निघाला नाही. सकाळी गेटवर फोन जमा करायच्या आधी त्याला कळलं होतं की त्याची आई गेली. सगेसोयरे दुपारपर्यंत जमतील, तोवर घरी बसून काय करायचं, म्हणून तो कामाला आला होता, आणि टाकीत कुणी पाहत नाही म्हणून कोपऱ्यात बसून रडत होता. मी त्याला आत सोडताना नाव लिहिलं होतं, वेळ लिहिली होती. त्याच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर सोडला नसता.

माझ्याकडे त्या क्षणाला बोलायला पुष्कळ होतं. आत्मा, वस्त्र, धर्मशाळा. सगळं पाठ आहे अजून. ते सोडून मी डब्यातलं जेवण त्याच्यापुढे ठेवलं, त्यानं खाल्लं नाही. मग सुपरवायझरला विचारून, माझ्या जागी दुसरा माणूस बसवून, मी त्याला स्कूटरवर मागं घेतलं आणि गावी पोचवलं. वाटेभर तो माझ्या पाठीला टेकून होता. दारात म्हातारीला आंघोळ घालून ठेवली होती. माणसं कमी होती, अर्धी कामावर गेलेली. चौथा खांदा कोण, असं कुणीतरी विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मृत्यूवर किती प्रवचनं केली असतील याची गणती नाही. तिरडी मी कधी उचलली नव्हती. संन्याशाला ते वर्ज्य, आणि त्याआधी वेळ आली नव्हती, आईच्या वेळी मी फार लहान होतो. बांबू हाडावर टेकतो आणि तिथंच टोचत राहतो, हे मला माहीत नव्हतं. वजन फारसं नव्हतं म्हातारीचं. तुमचं किती असेल ते मी चालताना मनात धरून पाहत होतो. गावाबाहेर पोचेपर्यंत खांदा बदलू दिला नाही. मी रडलोही, आणि लोकांना वाटलं की कुणी जवळचा असेल.

तिथून मी थेट इथं आलो. ताईनं मला दारातच थांबवून पाणी दिलं, अंघोळ करायला लावली. खांद्यावरचा वळ तिनं पाहिला आणि विचारलं, तेव्हा सांगितलं. मग जे तिनं मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तुम्ही आश्रमातून परत आलात तेव्हा शेजारीपाजारी जमले होते, पोरगा भेटला का, बोलला का. तुम्ही म्हणालात, "भेटला. चांगला हाय. निंगताना म्या हाक देली, पण तिथं भजन चालू होतं, लय आवाज होता. त्याले आयकू नाही आली." नंतर जो कुणी विचारेल त्याला तुम्ही हेच सांगत राहिलात, शेवटपर्यंत. दवाखान्यातसुद्धा नर्सला सांगितलंत, भजन चालू होतं. हे सांगून ताईनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "खरंच नव्हती का रे आयकू आली तुले?"

"नाही," मी म्हटलं. "भजन चालू होतं."

तिनं मान हलवली आणि चहा टाकला. विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. तिला तो शब्द हवा होता, की तुमचा शब्द मला राखायचा होता, की मी पुन्हा एकदा स्वतःला वाचवलं, हे मी आठवडाभर उलटसुलट करून पाहतो आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

आता डाळ शिजल्याचा वास येतो आहे. हे कागद घडी करून मी तुमच्या डब्याच्या फडक्यात बांधून ठेवणार आहे, दुसरीकडे टाकायला पत्ता नाही. ताईनं आतून एकदा हाक मारली, मी ओ दिली आणि लिहितच राहिलो. आता तिची दुसरी आली, तिलाही ओ दिली. तिसरीच्या आत उठायला हवं, म्हणून एवढंच लिहितो.

त्या दुपारी भजन चालू नव्हतं, बाबा. तिथं पानही हलत नव्हतं. तुम्हालाही ते माहीत होतं. मला तिन्ही हाका ऐकू आल्या होत्या.